पोरं कुणाकडं?

आसनगाव स्टेशनच्या पुलावरून माहुलीचं वऱ्हाड एका ओळीत दिसतं. नवरा, नवरी आणि भटोबा असे सुळके. हे लग्न शतकानुशतकं लागतंय आणि भटोबाची मंगलाष्टकं काही संपत नाहीत. सव्वीस जानेवारीची सकाळ होती, चांगलीच थंडी होती. गाडीतून उतरलेल्यांत दोन तऱ्हेची माणसं होती. पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या लादून जोरजोरात बोलणारे मुंबईचे ट्रेकर, आणि रात्रपाळी करून घरी परतणारे शहापूरकडचे लोक. हे मुळीच बोलत नव्हते. मी दोन्हींत बसत नव्हते. पाठीला घट्ट चिकटणारी छोटी पिशवी, तिच्यात दोन लिटर पाणी, शेंगदाण्याची चिक्की, खारे दाणे आणि पातळ जाकीट, एवढंच माझं सामान.

'मी डोंगरात धावते' असं चाळिशी उलटलेल्या बाईनं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी कौतुक येतं आणि पाठोपाठ हिशेब. "मग मुलं कुणाकडे?" आमच्या मुलुंडच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये हा प्रश्न येतो, बँकेत डबा खाताना येतो, लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडण्याआधी येतो. माझ्या नवऱ्याला सायकलचं वेड आहे. तो पहाटे सायकल घेऊन नाशिक रस्त्याला लागतो, दुपारी घामेजून परततो, आणि त्याला लिफ्टमध्ये विचारतात, "आज किती किलोमीटर?"

पुण्याजवळ सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी एक शर्यत होते. ५३ किलोमीटर, बहुतेक सगळी डोंगरवाट. तिची तयारी मुलुंडमध्ये करायची तर इमारतीचा जिना हाच डोंगर. पहाटे चौदा मजले वर, चौदा मजले खाली, नवव्या मजल्यावरच्या कुत्र्याची समजूत काढत. मग कुकर, डबे, मुलाचा हरवलेला एक मोजा, आणि नंतर दिवसभर बँकेच्या काउंटरवर हसरा चेहरा. जिन्यानं छाती तयार होते, पाय होत नाहीत. जिन्याच्या पायऱ्या सगळ्या सारख्या. डोंगरात दोन दगड सारखे सापडत नाहीत. घोट्याला आणि नजरेला ते शिकवायला डोंगरच लागतो, म्हणून सुट्ट्या जोडून आल्या की मी शहापूर-मुरबाडकडे येते. या खेपेला रात्रीही बाहेर काढायच्या होत्या. पौष पौर्णिमा आदल्याच दिवशी झाली होती, मुरबाड तालुक्यातली म्हशाची यात्रा भरली होती, आणि सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं, "तू तुझी पळत ये. आम्ही गाडीनं येतो. मला घोंगडी घ्यायची आहे."

माहुली गावात शिरले तेव्हा समोरून प्रभातफेरी येत होती. पांढरे सदरे, तेल चोपडलेले केस, पुढं एक मास्तर आणि मागं दोन बाई. मला धावताना पाहून फेरीची शेपटी फुटली आणि सात-आठ पोरं माझ्यामागं निघाली. अनवाणी. गावाच्या टोकापर्यंत त्यांनी मला सोडलं नाही आणि त्यातल्या एकाही मुलीला धाप लागली नाही. मास्तर ओरडले तशी सगळी वळली. त्याच वेळी मुलुंडला माझ्या मुलीच्या शाळेत झेंडा चढत असणार, आणि ती आजीचा हात धरून उभी असणार, असा विचार आला. तो माझ्याबरोबर बराच वेळ धावला.

शेवटच्या घराच्या पडवीत एक आजी उन्हाला पाय पसरून वाल सोलत बसल्या होत्या. "पलतेस कशाला गं बाय? कोन मागं लागलाय?"

"कुणी नाही. व्यायाम."

"घर कुठं?"

"मुलुंड."

"पोरं कुणाकडं?"

मी मनातल्या मनात कमरेला पदर खोचला. "सासूबाईंकडं."

"बरं केलंस," आजी म्हणाल्या आणि शेंग मोडली. "माझी सून भट्टीवर गेलीय. तिची दोन माझ्याकडंच हायेत. पानी पिऊन जा." विषय संपला. त्यांना फक्त माहिती हवी होती. दिवाळीनंतर इकडची कितीतरी कातकरी आणि ठाकर कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. कोणाची पोरं कुणाकडं हा इथं घराघरातला रोजचा तपशील आहे. पाऊस किती पडला, तसा.

माहुलीची चढण धावण्याजोगी नाही, आणि डोंगरात धावणारे शहाणे लोक चढण धावतही नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून, कंबरेत वाकून, न थांबता चालायचं. श्वास आणि पाऊल यांचं जमलं की मग झाडं दिसायला लागतात. जानेवारीत माहुलीचं रान अर्धं सोनेरी, अर्धं हिरवं असतं. गवत वाळलेलं, साग झडायला लागलेला, आणि ओढ्याच्या कडेनं अजून ओलावा. शेवटी लोखंडी शिडी लागते. ती चढलं की गड. २,८१५ फूट उंची आणि भंडारगड, माहुली, पळसगड असे तीन भाग. निजामशाही वाचवण्याची शेवटची धडपड शहाजीराजांनी १६३६ मध्ये इथूनच केली. जिजाबाई आणि लहानगा शिवाजी त्या वेळी गडावर होते असं सांगतात. वेढा पडलेला, राज्य बुडत चाललेलं आणि कडेवर सहा वर्षांचा मुलगा. गड हातचा गेला. शिवाजीराजांनी तो पुढं घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला, आणि १६७० मध्ये पुन्हा मिळवला.

माथ्यावरून तानसा तलाव दिसतो. १८९२ पासून त्याचं पाणी मुंबई पितेय. त्याची अजस्र नळवाट आमच्या मुलुंडमधूनच जाते. मी पिशवीत भरून आणलेलं दोन लिटर पाणी म्हणजे इथलंच पाणी होतं, शुद्ध होऊन, शंभरेक किलोमीटरचा फेरा मारून परत आलेलं. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा; मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा एकट्या भातसाचा. आणि दर उन्हाळ्यात याच शहापूर तालुक्यात टँकर फिरतात. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण इथल्या बायकांनी डोक्यावर वाहिली आहे.

उतारावर त्या बायका भेटल्या. गडाच्या पोटातून लाकडाच्या मोळ्या घेऊन चार जणी खाली निघाल्या होत्या. एक थांबून चुंबळ नीट करत होती, म्हणून मला ती जवळून बघता आली. जुन्या लुगड्याचा पट्टा हाताच्या चार बोटांभोवती गुंडाळायचा, टोक आत खोचायचं, मग दोन्ही तळव्यांत दाबून मध्ये किंचित खोलगट करायचं. ती खोलगट जागा बरोबर टाळूवर बसली पाहिजे, नाहीतर मान धरते. मोळी डोक्यावर गेली आणि ती चालू लागली. चालू लागली म्हणजे जवळजवळ धावूच लागली. पावलं आखूड, भराभर, गुडघे सैल, कंबरेच्या वर काहीच हलत नाही. पायांत प्लास्टिकच्या चपला. उतारावर पाऊल लांब टाकलं की सगळा भार मांडीवर आदळतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. म्हणून पावलं आखूड ठेवा, संख्या वाढवा, असं आम्हाला पैसे घेऊन शिकवतात. मी त्यांच्या मागं लागले. जिथं तिचं पाऊल पडेल तिथंच माझं. पायथ्याशी येईपर्यंत मी इतकी स्वच्छ उतरले होते की तसं आधी कधी उतरल्याचं आठवत नाही. त्या मात्र आपसात कुणाच्या तरी साखरपुड्याबद्दल बोलत होत्या आणि मी मागं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

गावात जेवले. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भाजलेली सुकट आणि कांदा. आमच्या घरची भाकरी ज्वारीची, सोलापूरच्या वळणाची, परातीवर थापलेली आणि कडक. इकडं पाण्याला उकळी आणून तांदळाच्या पिठाची उकड काढतात, हात पोळत असतानाच मळतात आणि गोळा दोन तळव्यांच्या मध्ये फिरवत मोठा करतात. मऊ, पांढरीशुभ्र भाकरी. घडी घातली तर तुटत नाही. वाढणाऱ्या वहिनींनी चौथी भाकरी न विचारताच ताटात टाकली. मुलुंडला धावून आल्यावर मी किती खाल्लं याचा हिशेब मनगटावरचं घड्याळ ठेवतं.

पुढं शहापूरमार्गे जीपनं डोळखांबकडे. शहापूरच्या अलीकडे-पलीकडे तेव्हा समृद्धी महामार्गाचे खांब उभे राहत होते. कसाऱ्याजवळ डोंगर पोखरून पावणेआठ किलोमीटरचा बोगदा काढला जात होता. आता तो रस्ता सुरूही झालाय. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. जीपमधले एक काका त्या खांबांकडे बोट दाखवून म्हणाले, "यांच्यावरनं आम्हाला बघत जातील लोक. उतरायला जागा नाय ठेवली."

रात्री ज्यांच्या घरी उतरले ते बँकेतल्या सहकाऱ्याचे मामा. शेकोटीभोवती बसल्यावर बोलणं बिबट्यावर आलं. तसं ते इकडं येतंच. पण मलाही एक गोष्ट माहीत होती. २००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. हा आजोबा सोडल्या जागी थांबला नाही. डोंगरांतून, कसाऱ्याची रेल्वेलाइन ओलांडून, तानसाच्या रानातून, वसईच्या खाडीपल्याड जात सुमारे १२० किलोमीटर चालून तो थेट संजय गांधी उद्यानापाशी पोचला. म्हणजे आमच्या मुलुंडच्या मागच्याच डोंगरात. सुजय डहाकेंनी २०१४ मध्ये त्यावर 'आजोबा' नावाचा सिनेमा केला, उर्मिला मातोंडकर त्यात अभ्यासक झाल्या होत्या. बिबट्या मात्र त्याआधीच, २०११ मध्ये, महामार्गावर वाहनाच्या धडकेनं मेला. मी ज्या वाटेनं मुलुंडहून माळशेजकडे निघाले होते, ती त्यानं उलट दिशेनं काढली होती, आणि तीही कुठल्याच घड्याळाशिवाय.

मामींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्यालाबी घरी कुणी विचारनारं नव्हतं का?" मामा हसले. मी जरा उशिरा हसले.

दुसऱ्या दिवशी आजोबा पर्वत. डेहणे गावातून वर बघितलं की साडेचार हजार फुटांचा तो कडा अंगावर आल्यासारखा वाटतो. सीतामाईनं इथं वाल्मीकींच्या आश्रमात लव-कुशांना वाढवलं, आणि ती पोरं ऋषींना आजोबा म्हणायची म्हणून डोंगराचं नाव आजोबा, अशी इथली कथा. आश्रमापर्यंतची वाट दाट रानातून जाते. तिथं समाधी आहे, बारमाही पाणी आहे, आणि वर कड्याच्या पोटात सीतेचा पाळणा. तिथं जायला पुन्हा लोखंडी शिडी.

माझ्याबरोबर गावातले एक ठाकर दादा होते. वय पन्नाशीच्या पुढं, अंगात स्वेटर, पायांत रबरी चपला, कमरेला आकडीत अडकवलेला कोयता. मी धावणार म्हटल्यावर ते म्हणाले, "पळ की. मी येतो मागनं." मी धावले. ते चालत आले. आश्रमाशी मी पोचले त्यानंतर विडी पेटवायला लागेल एवढ्याच वेळात तेही आले, आणि त्यांनी खरोखरच विडी पेटवली. माझ्या बुटांकडे बराच वेळ बघून त्यांनी किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरी ते गप्प झाले.

"शर्यतीत पहिलं आलं तर काय देतात?"

"पदक. पण मी पहिली येणार नाही."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मुलुंडमध्ये माझ्याकडे तयार असतं: तब्येत, मन ताजं राहतं, स्वतःसाठी वेळ. तिथं आश्रमाच्या पायरीवर त्यातलं एकही तोंडातून निघेना. मी त्यांना कविता राऊतबद्दल सांगितलं. इथून उत्तरेला, हरसूलजवळच्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी, २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक. ते त्यांना पटलं. "ती आमचीच," म्हणाले. तिचा पाडा इथून बराच लांब आहे, पण त्यांनी ते अंतर एका वाक्यात काढलं.

उतरताना त्यांनी मला दोनदा अडवलं. "टाच नको टेकू आधी. गुडगा मऊ ठेव. दगड बघू नको, दगडाच्या पुडची जागा बघ." मग स्वतः करून दाखवलं. ओल्या कातळावरून रबरी चपलेनं, हात मागं बांधून.

डेहण्याच्या खाली, डांबरी सडकेच्या कडेनं, एक बाई समोरून भराभर येत होती. हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारा स्टीलचा डबा. मी धावत होते, ती चालत होती. पण दोघींचा वेग असा काही जुळला की वळून तिच्याबरोबर निघणंच सोपं होतं. मला तसंही अंतर भरून काढायचं होतं. तिची लेक आश्रमशाळेत होती, सातवीत. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे आणि तालुक्यात अशा निवासी शाळा आहेत. मुलं तिथं राहून शिकतात, सुट्टीला घरी येतात. शनिवारी शाळा लवकर सुटते, म्हणून ती निघाली होती. जीपचे पैसे वाचवून पायीच. डब्यात तांदळाच्या पिठाचे, गूळ घातलेले लाडू.

"आणि बाकीची?" मी विचारलं. विचारून झाल्यावर कळलं की मी तोच प्रश्न विचारला होता.

"धाकटा घरी, सासऱ्याकडं. त्यांना दिसत नाय, पन पोराला बांधून ठेवतात गोष्टी सांगून." मग म्हणाली, "तुझी?"

"मुलगी सहावीत. मुलगा दुसरीत. सासूबाईंकडं."

"सासू चांगलीये."

"चांगली आहे. पण तोंडाळ आहे."

"मग चांगलीच आहे," ती म्हणाली. दोघी हसलो. फाट्यावर ती आत वळली. तिनं डब्यातला एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. मी नको-नको म्हणत राहिले आणि ती चालायलाही लागली होती. माझी चिक्की तिच्या लेकीसाठी द्यायची मला सुचेपर्यंत ती वळणाआड गेली होती. लाडू तिथंच उभी राहून खाल्ला. चिक्कीपेक्षा जड होता आणि पुढचे कितीतरी किलोमीटर पुरला.

मुरबाड तालुक्यात शिरलं की शहापूरचं मोकळं रान मागं पडतं आणि पूर्वेला सह्याद्रीची सलग भिंत उभी राहते. सरळगाव, टोकावडे करत वैशाखऱ्यापाशी आलं की नाणेघाटाची वाट लागते. मला ती पहाटे, एकटीनं, मनासारखी धावायला मिळाली. खाली रानातून सरळ, मग दगडी. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल याच पायऱ्यांवरून गेला. दोन हजार वर्षं बैलांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी घासलेले ते दगड आहेत. मधोमध गुळगुळीत आणि कडेला खरबरीत, म्हणून चढताना कडेनं चढायचं.

माथ्याजवळच्या लेण्यात नागनिकेचा लेख आहे. नागनिका म्हणजे सातकर्णीची राणी. नवरा गेल्यावर मुलं लहान म्हणून तिनं कारभार पाहिला असं अभ्यासक मानतात. भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत यज्ञ मोजलेत, आणि प्रत्येक यज्ञाला किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले त्याचे आकडे. समोरच्या भिंतीवर घराण्याचे पुतळे होते. आता नुसती नावं आणि पावलांच्या खुणा उरल्यात. मला तो लेख एखाद्या बाईनं चोख ठेवलेली खर्चाची वही वाटतो, आणि इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्याबद्दल मला माफ करावं. माहुलीला जिजाऊ, आजोबाला सीतामाई, इथं नागनिका. ह्या डोंगररांगेला आयांचं वेड दिसतंय. एकीलाही कुणी विचारल्याचं लिहून ठेवलेलं नाही, की पोरं कुणाकडं.

अक्षरांवरून आठवलं. मुरबाड तालुक्यातल्याच फांगण्यात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या कल्पनेतून. साठीच्या पुढच्या बाया गुलाबी लुगडी नेसून पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागल्या. शाळेची वेळ दुपारची, कारण सकाळची कामं उरकल्याशिवाय आणि संध्याकाळचं दिवेलागणीचं सुरू व्हायच्या आधीच त्यांना वेळ. आमच्याकडे शाळा वेळ ठरवते आणि बाई धावत सुटते. तिथं बाईच्या कामावरून शाळेची वेळ ठरली.

घाटमाथ्यावर पुण्याकडून गाडीनं आलेल्यांची गर्दी होती. दगडी रांजण जकातीचा होता म्हणतात; त्याच्याशी फोटो चालले होते. एका काकूंनी मला घामेजलेली बघून विचारलं, "खालून आलात? एकट्या? आणि घरचे?" सूर ओळखीचा होता, लिफ्टमधला. "घरचे यात्रेत," मी म्हटलं आणि उतरायला लागले. आजोबावरच्या दादांचं ऐकलं: दगडाच्या पुढची जागा बघत उतरले.

मुरबाडपासून म्हशापर्यंत सडकेनं धावायचं ठरवलं होतं, आणि ते सगळ्यात रुक्ष जाईल असं वाटलं होतं. पण यात्रेचा रस्ता होता. बैल भरलेले टेम्पो, पाळण्यांचे लोखंडी सांगाडे, डोक्यावर गोधड्या घेतलेले लोक. भेंडीच्या मळ्यांत पाणी सुटलं होतं. इथली भेंडी परदेशीही जाते. पुढं गोरख आणि मच्छिंद्रचे सुळके, आणि सिद्धगडाचा भलामोठा डोंगर. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील त्या डोंगरावर पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. भाई मूळचे माथेरानचे, शिकून वकील झालेले. त्यांच्या क्रांतिकारक आझाद दस्त्यानं विजेचे मनोरे पाडून मुंबईच्या गिरण्यांची वीज तोडली, आणि महिनोन्‌महिने ही मंडळी याच डोंगरांत राहिली. त्यांच्यासाठी भाकऱ्या कुणी वर पोचवल्या, हे कुठल्या फलकावर नसतं. डोक्यावर पाटी घेऊन यात्रेला निघालेल्या बायकांकडे बघताना त्याचा अंदाज येतो.

म्हशाच्या यात्रेत आमची माणसं शोधायला वेळ लागला नाही; सासूबाईंचा आवाज घोंगडीवाल्यांच्या ओळीत सगळ्यांच्या वर होता. "यात सूत मिसळलंय. मला नका शिकवू." मुलगा जिलबीनं चिकट झाला होता. मुलीनं माझ्या बुटांवरचा धुरळा बघितला आणि विचारलं, "किती किलोमीटर?" मी सांगितलं. "बाबा परवा यापेक्षा जास्त गेला होता," ती म्हणाली.

"सायकलनं," नवरा म्हणाला. मला ते आवडलं.

बैलबाजारात सौदे अजून रुमालाखाली होतात. दोन माणसं हात हातात घेतात, वर उपरणं टाकतात, आत बोटं दाबतात, आणि भोवतीच्या गर्दीला भाव कळत नाही. याच तालुक्यातलं धसई २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं होतं. रुमालाला त्याचा पत्ता नव्हता. एक म्हातारे व्यापारी मुलाला बैल कसा पारखायचा ते सांगायला लागले. दोन दाताचा तो दुसा, चार दाताचा चौसा. दात बघायचे, शिंग बघायचं, वशिंड बघायचं, आणि शेवटी उतारावर चालवून बघायचा. "चढावर कुठलापन चालतो. उतारावर पाय कळतो."

मुलानं लगेच माझ्याकडे बोट केलं. "माझी आई डोंगर उतरते पळत."

म्हाताऱ्यांनी मला पायांपासून वर पाहिलं. संकोच वगैरे काही नाही, धंद्याची नजर. "पाय बरे हायेत," ते म्हणाले.

"अहो, दातपण बघा," मागून सासूबाई आल्या, खांद्यावर घोंगडी टाकून. "घरात सगळ्यांना पुरून उरते ही."

"किती मागता?"

"हिच्यासाठी? छे," सासूबाई म्हणाल्या. "ही घोंगडी बघा. साडेआठशे सांगत होता, सहाशेला काढली."